चालता महाप्रसाद

रविवारी सकाळी सात वाजता मी नागपूरच्या महाल भागातल्या एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी सहा अनोळखी माणसांची वाट बघत उभा होतो. माझ्या एका खिशात ओआरएसची बारा पाकिटं होती, म्हणजे माणशी दोन. दुसऱ्या खिशात जवळच्या तीन दवाखान्यांचे नंबर होते, अंतराच्या क्रमानं लिहिलेले. या सहा जणांना पुढचे तीन तास मी पायी फिरवणार होतो, रस्त्यावरचे पदार्थ खाऊ घालणार होतो आणि अधूनमधून भिंतींवरची चित्रं दाखवणार होतो. चित्रांची मला भीती नव्हती. निदान तेव्हा तरी नव्हती.

मी गोपाळराव डेकाटे. सरकारी अन्न-तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. कचोरीकडे बघितल्यावर ज्यांना फक्त कचोरी दिसते अशी पुष्कळ माणसं जगात आहेत, आणि मला त्यांचा फार हेवा वाटतो. मला तिच्यातलं तेल कितव्यांदा तापलंय ते दिसतं. चटणी दिसली की तिच्यात पोहणारी मंडळी दिसतात. त्यांतल्या काहींना मी लॅटिन नावांनी ओळखतो. नोकरीला लागल्यापासून मी घराबाहेर काही खाल्लेलं नाही. मेव्हण्याच्या लग्नात मी घरून डबा नेला होता. तो मी मांडवाच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला उभा राहून खाल्ला, तरीही सासरी त्याबद्दल अजून बोलतात.

अशा माणसाच्या पोटी मिनल जन्मली. मिहान उद्योगनगरीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिनं दोन वर्षांपूर्वी 'पायी नागपूर' नावाचा उद्योग सुरू केला. दर रविवारी बाहेरगावच्या लोकांना जुन्या शहरातून पायी हिंडवायचं, तर्री पोहे, आलूबोंडा, सांभारवडी खाऊ घालायची आणि चित्रकार पोरापोरींनी रंगवलेल्या भिंती दाखवायच्या. मी याला 'माणसं आजारी पाडायचा धंदा' म्हणायचो. तिच्या फेरीला मी एकदाही गेलो नव्हतो. पहिल्या तीन-चार वेळांनंतर तिनंही बोलावणं सोडलं होतं.

मग शुक्रवारी ती स्कूटीवरून पडली. स्कूटी चालू नव्हती, घरासमोर स्टँडवर उभी होती. घोट्याला प्लास्टर बसलं आणि तीन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. माझी बायको तेव्हा अमरावतीला तिच्या बहिणीकडे गेलेली. मिनल पलंगावर मोबाईल घेऊन बसली होती.

"सहा जणांचं बुकिंग आहे बाबा," ती म्हणाली. "एक आजी तर नरखेडकडून येऊन राहिल्या. आता कॅन्सल करावं लागेल."

मी म्हणालो, "मी बघतो."

आमच्या घरात या दोन शब्दांचा अर्थ ठरलेला आहे. गच्चीवरची टाकी गळते, मी बघतो. पंखा आवाज करतो, मी बघतो. म्हणजे ती गोष्ट आता होणार नाही आणि तिच्याबद्दल पुन्हा विचारू नये. मी त्या सहा जणांना फोन करून नाही म्हणून सांगणार होतो, एवढंच मला म्हणायचं होतं. पण दुखण्यानं मिनल हळवी झाली असावी. तिनं माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "बाबा, खरंच? तुम्ही नेणार त्यांना?"

दोन वर्षांत ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मी तोंड उघडलं, पण नाही हा शब्द काही केल्या बाहेर आला नाही.

बातमी तळमजल्यावरच्या यमुताईंपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. यमुताई पूर्वी नर्स होत्या आणि त्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक मेलेला नातेवाईक तयार असतो. त्यांच्या नणंदेचे दीर असेच सात-आठ लोकांना घेऊन कुठेतरी गेले होते. "काय झालं त्यांचं?" मी विचारलं. यमुताईंनी वर आभाळाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, पाचाच्या वर लोक जमवले तं परवानगी लागते. उद्या काही झालं, कोणाले उलट्या झाल्या, तर पहिले तुमालेच धरतीन. कागद हाती असू द्या."

माझ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. कागद हाती असला की माणूस बचावतो असं नाही, पण त्याच्या पश्चात चौकशी नीट होते. शनिवारी सकाळी मी परवानगीच्या कार्यालयात गेलो. ते कोणतं ते मी लिहिणार नाही. मला तिथे पुन्हा जावं लागू शकतं.

खिडकीतल्या बाबूनं फॉर्म पुढे ओढला. "कार्यक्रमाचा प्रकार सांगा. मोर्चा, मिरवणूक, सभा, वरात, महाप्रसाद."

"यातलं काही नाही. काही लोक चालतील, भिंती बघतील आणि खातील."

"घोषणा देतीन का?"

"नाही."

"नवरदेव आहे?"

"नाही."

"पण खातीन."

"खातील."

"बसून का उभ्यानं?"

"चालत चालत."

बाबूनं पेनाचं टोपण दातात धरून विचार केला. "मंग महाप्रसादच आहे हा," तो म्हणाला आणि त्यानं 'महाप्रसाद' वर खूण करून पुढे हातानं 'चालता' असं लिहिलं. "उपस्थिती किती?"

"सहा," मी म्हणालो. त्यानं सहा लिहिले, शिक्का मारला. तो रकाना शेकड्यांत भरायचा असतो हे मला रविवारी कळलं.

तर रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभा होतो. हातात मिनलची थंड पाण्याच्या बाटल्यांची निळी पेटी होती. आधी पुण्याचे पियुष आणि त्याची बायको प्रीती आले. पियुषच्या छातीवर कॅमेरा होता. "काका, आम्हांला एकदम खरंखुरं खायचंय हं. स्वच्छ-बिच्छ नको," तो म्हणाला, आणि मी खिशातली पाकिटं पुन्हा मोजली. मग नर्सिंग कॉलेजच्या तीन मुली आल्या, हसत. आणि शेवटी एका तरुण मुलीचा हात धरून सत्तरीच्या एक आजी आल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी.

मुलगी म्हणाली, "मी पायल. ह्या माझ्या मावशी, सुभद्राबाई. मला ड्युटी आहे काका, दहा वाजता घेऊन जाते. यांना नीट सांभाळा, दिसतं कमी." एवढं बोलून ती गेली.

मी सुभद्राबाईंकडे बघितलं. दिसतं कमी, वय जास्त, आणि त्यांच्या वाट्याला ओआरएसची पाकिटं फक्त दोन.

मिनलनं मला अकरा पानांच्या सूचना लिहून दिल्या होत्या. त्यांतली पहिली 'हसत राहा' अशी होती. मी हसलो. त्याच वेळी मागून आवाज आला, "डेकाटे कोण हाय?" आणि माझं हसू तिथेच वाळलं.

एक पोलीस शिपाई होता. पंचविशीचा, हातात काठी, काखेत भोंगा. त्यानं स्वतःचं नाव रोशन सांगितलं. बंदोबस्ताला आलो म्हणाला. मग त्यानं आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं, गल्लीच्या टोकाला जाऊन आला. "काका, बाकीचे कुठी हायेत?"

"बाकीचे कोण?"

"सहाशे लोकांचा महाप्रसाद लिहिला आहे न कागदावर."

मी त्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "लोक सहा असो का सहाशे, मले ड्युटी दहा वाजेपर्यंत लागली. मी सोबत राहतो. साहेबांनी विचारलं तं काय सांगू?" तो माझ्याइतकाच घाबरलेला होता, फक्त त्याच्याकडे काठी होती.

अशी आमची वरात निघाली. पुढे मी निळी पेटी घेऊन, मागे सहा जण आणि शेवटी भोंगेवाला शिपाई.

पहिला थांबा सांभारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा होता. आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि गाडीवाल्यानं मान वर केली. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली, मग पेटीवर, मग रोशनच्या टोपीवर. त्यानं कढईवर झाकण टाकलं, गाडीचं हँडल धरलं आणि तो निघाला. पळत नव्हता, पण आम्ही त्याला गाठू शकलो नाही. दुसऱ्या थांब्यावर आलूबोंडेवाल्यानं आम्हाला बघून शटर ओढलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. कचोरीवाला "आज सुट्टी आहे" म्हणाला, तेव्हा त्याच्या मागे कचोऱ्या तळल्या जात होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नोकरीत असताना निरीक्षकांबरोबर नमुने आणायला कधीकधी मी जायचो. पेटी माझ्या हातात असायची आणि सोबत एक शिपाई असायचा. पेटीचा रंग निळा होता. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण महाल-इतवारीतल्या गाडीवाल्यांना हे कोणी कळवलेलं नव्हतं. आयुष्यभर मी ज्यांच्या हातचं खायला घाबरलो, ती माणसं इतकी वर्षं मला घाबरत होती, हे मला त्या सकाळी प्रथम समजलं. मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. मी कोणाचं काय केलं होतं?

आठ वाजले. पाहुणे उपाशी. पियुष कॅमेऱ्यात सांगत होता, "मित्रांनो, नागपुरात सध्या सगळं बंद आहे." प्रीती त्याला म्हणाली, "आपण हॉटेलात जाऊन सँडविच खाऊ." मला मिनलचा पलंगावरचा चेहरा आठवला.

चौथा थांबा शालिकरामच्या तर्री पोह्यांचा. तोही शटर ओढील या खात्रीनं मी गल्लीत शिरलो. पण साठीचा तो गृहस्थ भट्टीमागे ताठ उभा राहिला. झारा हातात.

"या साहेब," तो म्हणाला. "मी नाही पळत. आठ साल झाले, वाटच पाहून राहिलो तुमची."

"माझी?"

"तुम्ही माह्या तर्रीचं सॅम्पल नेलं होतं. बाटलीत भरून, लाख लावून. मंग काही कळलंच नाही. रोज सकाळी भट्टी पेटवतो अन् रस्त्याकडे पाहतो, आज येतीन का उद्या येतीन. पोरीच्या लग्नातबी तेच डोक्यात. सांगा आता काय निघालं होतं ते."

मला नीट आठवत नव्हतं, पण नियम पाठ होता. "काही वाईट निघालं असतं तर नोटीस आली असती. आली नाही म्हणजे नमुना चांगला होता."

"म्हणजे पास?"

"पास."

"मंग सांगाले काय झालं होतं?"

नापास झालेल्याला कळवायचं, पास झालेल्याला नाही, अशी पद्धत होती. एकतीस वर्षांत ती मला कधी खटकली नव्हती. मी म्हणालो, "चुकलंच." त्याचा झारा हळूहळू खाली आला. मी पुढे सांगितलं की मी निवृत्त आहे, पेटीत पाणी आहे, शिपाई चुकून आलाय आणि हे लोक नाश्त्याला आलेत.

"असं असन तं खा मंग," शालिकराम म्हणाला. "तुम्ही पहिले खा. सगळ्यांसमोर. नाहीतं कोणी इश्वास ठेवणार नाही."

गल्लीच्या दोन्ही टोकांना गाडीवाले जमले होते. सांभारवडीवालाही परत येऊन लांब उभा होता. शालिकरामनं प्लेटमध्ये पोहे घातले, वर चणे, वर चिरलेला कांदा, आणि त्यावर तो लाल तवंगाचा रस्सा ओतत राहिला, ओतत राहिला. चमचा त्यानं फडक्याला पुसला. ते फडकं मी बघितलं. ते मला अजूनही दिसतं.

पळून जावं असं मला वाटलं, पण मागे रोशन होता. मी डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. आधी काहीच झालं नाही. मग कानांतून काहीतरी गरम बाहेर पडल्यासारखं वाटलं, नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं. दुसरा घास मी कशासाठी घेतला ते मला सांगता येणार नाही. तिसरा मात्र मी माझ्या इच्छेनं घेतला. शालिकराम माझ्याकडे टक लावून बघत होता.

"कसं हाय?"

"बरं आहे," मी म्हणालो. "फार बरं आहे."

त्यानं रोशनच्या काखेतला भोंगा घेतला आणि गल्लीला सांगितलं, "धाड नाही गा. साहेब खाऊन राहिले."

मग सगळं उघडलं. सांभारवडी आली, आलूबोंडे आले, कचोऱ्या आल्या. पाहुणे दोन्ही हातांनी खात होते. पियुषनं तर्री दोनदा घेतली आणि त्याच्या बोलण्यातले शब्द कमी होत गेले. सुभद्राबाईंनी दोन प्लेटी पोहे शांतपणे संपवले. मी एका कोपऱ्यात उभा राहून दर पाच मिनिटांनी माझ्या पोटाचा अंदाज घेत होतो. पोट गप्प होतं. या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

चित्रांना सुरुवात झाली तेव्हा नऊ वाजले होते. पहिल्या भिंतीवर वाघ होता, दुसरीवर बँडवाले, तिसरीवर कापसाच्या गाठी आणि त्यांवर झोपलेली मांजर. मी मिनलची पानं वाचून दाखवत होतो. सुभद्राबाई प्रत्येक भिंतीपाशी जायच्या, नाक टेकेल इतक्या जवळून वीतभर भाग बघायच्या आणि म्हणायच्या, "हे नाही." तिसऱ्या वेळी मी विचारलं, "आजी, तुम्हाला कोणतं बघायचंय?"

"माहं," त्या म्हणाल्या.

त्यांचं असं झालं होतं. दोन वर्षांआधी नरखेडच्या संत्र्याच्या बाजारात एक चित्रकार पोरगी आली, तिनं यांचा फोटो काढला. पुढे गावातल्या कोणीतरी सांगितलं की नागपुरात एका भिंतीवर तुमचा एवढा मोठा चेहरा काढलाय. त्यांनी तो कधी बघितला नव्हता. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यात मोतीबिंदू पिकलेला.

"उद्या आपरेशन हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "डाक्टर म्हणते उशीर केला, खात्री नाही. दिसन का नाही दिसन. म्हणून म्हटलं, आज जवळून दिसते तंवर पाहून घेतो."

त्या हे रोजचं काही सांगावं तसं बोलल्या, पण बोलता बोलता पिशवीच्या बंदाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या. असे हात मी ओळखतो.

मी मिनलला फोन लावला. अशी भिंत तिच्या यादीत नव्हती. तिनं दोन-तीन चित्रकारांना विचारून परत फोन केला, पण कोणालाच ठाऊक नव्हतं. साडेनऊ झाले होते. पायल दहाला येणार होती. मी त्या आजींना नाही म्हणून कसं सांगायचं याचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात रोशन म्हणाला, "काका, ती संत्र्याची टोपली घेतलेली बाई का? ते तं आमच्या चौकीच्या मागं हाय."

चौकी दोन गल्ल्या पलीकडे होती. मागच्या आवारात मी पाऊल टाकलं आणि थांबलो. भिंत होती, चित्रही होतं. पंधरा फुटांच्या भिंतीवर संत्र्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली बाई. पण तिच्यासमोर जप्तीच्या गाड्यांचा ढीग होता. मोटारसायकली, स्कूटर, एक बिनचाकाचा ऑटो, सगळं एकमेकांवर. बाई नाकापर्यंत गाड्यांत बुडाली होती. लांबून आम्हांला तिचे डोळे तेवढे दिसत होते. सुभद्राबाईंना लांबून काहीच दिसत नव्हतं.

"कुठी हाय?" त्या म्हणाल्या. "मले तं नुसता रंग दिसते."

"गाड्या हलवाव्या लागतील," मी रोशनला म्हणालो. मीच म्हणालो का, अशी मला शंका आली.

"मुद्देमाल हाय काका. हात लावला तं माही नोकरी जाते."

पण नर्सिंगच्या मुलींनी हे ऐकलंच नव्हतं. त्यांनी कडेची एक मोटारसायकल धरून ओढली. ती दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि एकामागून एक अशा अकरा गाड्या आडव्या झाल्या. चौकीचं मागचं दार उघडलं आणि बनियनवर, तोंडात ब्रश असलेले साहेब बाहेर आले.

शासकीय मुद्देमालाची नासधूस, माझ्या मनात आलं. पेन्शन गेली. मिनल प्लास्टरमध्ये, बायको अमरावतीला, जामीन कोण देणार?

साहेबांनी ब्रश काढला. "रोशन, हे काय आहे?"

रोशननं टाचा जुळवल्या. "साहेब, महाप्रसाद."

यापुढे तो काही सांगू शकला नाही, म्हणून मला सांगावं लागलं. साहेबांनी मला आधी पाणी दिलं. मी ते पाणी न बघता प्यालो. मी बोलत असताना ते एकदा भिंतीकडे आणि एकदा सुभद्राबाईंकडे बघत होते. मग त्यांनी आत जाऊन चूळ भरली आणि शर्ट घालून आले.

"पंचनामा केल्याशिवाय काही हलवता येत नाही," ते म्हणाले. "दोन पंच लागतील. प्रतिष्ठित."

पंच झालो मी आणि पियुष. गाड्या चित्रापासून दहा फूट दक्षिणेस सरकवल्या असा कागद तयार झाला, प्रत्येक गाडीच्या नंबरासह. सही करायच्या आधी मी कागद तीनदा वाचला, तेव्हा साहेबांनी शंकेनं माझं ओळखपत्र मागितलं. मग सगळे लागले. साहेबांनी स्वतः ऑटोला मागून खांदा लावला. मी फोनवर पत्ता कळवला होता, म्हणून दहाला पायल तिथेच आली, तीही ओढू लागली.

भिंत मोकळी झाली, पण नवी अडचण निघाली. चित्रातल्या बाईचा चेहरा आठ फुटांवर होता आणि सुभद्राबाईंना वीतभर अंतरावरचंच दिसत होतं. साहेबांचं टेबल बाहेर आणलं. दोन मुलींनी आजींना वर चढवलं. मी टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून खाली बसलो. वर बघायचा मला धीर नव्हता. त्या पडल्या तर काय, हे मी तपशिलासह बघत होतो.

मी शेवटी मान वर केली. त्या नाक टेकवून भिंतीवरचं कपाळ बघत होत्या, मग एक डोळा, मग दुसरा. बोटांनी गालावरून सरकत होत्या.

"नथ माही नाही," त्या म्हणाल्या. "हे कोणाची नथ लावली मले." मग पुन्हा डोळ्यांपाशी गेल्या. "पण हिले पाहा. हिले काही भेव वाटून नाही राहिलं."

साहेब टोपी नीट करत उभे राहिले.

घरी आल्यावर मी मिनलला सगळं सांगितलं. तर्री पोह्यांपाशी आलो तेव्हा ती इतकी हसली की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला. पण माझं लक्ष तिच्या हसण्यात नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एका सत्तर वर्षांच्या बाईंना दोन प्लेटी तर्री पोहे, एक आलूबोंडा आणि दीड सांभारवडी खाऊ दिली होती. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. सोमवारचा सगळा दिवस मी फोनकडे बघण्यात घालवला. संध्याकाळी पायलचा निरोप आला, ऑपरेशन झालं, पट्टी उद्या निघेल, तोवर काही सांगता येत नाही. काही बरंवाईट झालं तर कारण लपलेलं राहू नये म्हणून मंगळवारी सकाळी मी सगळ्या पदार्थांची यादी प्रमाणासह लिहून दवाखान्यात पोचलो.

यादी द्यायला वेळच मिळाला नाही. मी खोलीत शिरलो तेव्हा तरुण डॉक्टर पट्टी सोडत होते. पायल भिंतीला टेकून उभी होती. मी डॉक्टरांच्या मागे चार हातांवर, पायलच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सुभद्राबाईंनी पापणी उघडली, पाणी वाहिलं, त्यांनी पदरानं गाल पुसला.

डॉक्टरांनी हात वर केला. "आजी, किती बोटं?"

दोन बोटं होती. त्या बघत राहिल्या. सांगा, दोन म्हणा, असं मी मनात म्हणत होतो. पायलनं माझी डावी बाही घट्ट पकडली.

"चार," सुभद्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात हळूच खाली आला. पायलनं तोंड फिरवलं. डॉक्टर पुन्हा दोन बोटं वर करून खूप हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा बघा आजी. घाई नाही. किती?"

"सांगतलं न, चार," त्या वैतागून म्हणाल्या. "दोन तुमचे. अन् दोन त्या मागच्या भाऊचे. ते काहून बोटं दाखवून राहिले?"

सगळे माझ्याकडे वळले. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो खांद्याच्या वर होता, आणि त्याची दोन बोटं उभी होती.